घरी पाठविलेल्या मुलांची परिचारिका

ताप आलेल्या, अंगावर पुरळ उठलेल्या किंवा डोळे आलेल्या मुलाला शाळेत पाठवू नये, ही सूचना शहरातील पालकांना नवी नाही. पावसाळा सुरू झाला की शाळांकडून ती हमखास येते. एका मुलाच्या आजाराची लागण साऱ्या वर्गाला होऊ नये, हा तिचा साधा हेतू. मात्र घरी राहिलेल्या मुलाचे पुढे काय होते, त्याच्यावर उपचार कोण करते आणि ते शाळेत परत केव्हा येते, या प्रश्नांची उत्तरे त्या सूचनेत नसतात. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमधील एका परिचारिकेने हे प्रश्न विचारले आणि त्यांची उत्तरेही शोधून दाखविली. त्यांचे नाव लिलियन वॉल्ड.

वॉल्ड यांचा जन्म १० मार्च १८६७ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, सिनसिनाटी येथे झाला. युरोपातून येऊन अमेरिकेत स्थिरावलेले हे ज्यू कुटुंब सुखवस्तू होते. वडील चष्मे आणि भिंगांचा व्यापार करीत. पुढे कुटुंब न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहरी राहावयास गेले. सोळाव्या वर्षी लिलियन यांनी व्हासर महाविद्यालयात प्रवेश मागितला. परंतु वय कमी असल्याच्या कारणावरून तो नाकारण्यात आला. बहिणीच्या आजारपणात घरी आलेल्या एका परिचारिकेचे काम पाहून त्यांनी हाच मार्ग निवडला. १८९१ मध्ये न्यूयॉर्क हॉस्पिटलच्या प्रशिक्षणशाळेतून परिचारिकेचे शिक्षण पूर्ण करून त्यांनी काही काळ अनाथ व निराधार मुलांच्या संस्थेत काम केले आणि नंतर वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले.

त्या काळी मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड भागात रशिया, पोलंड, इटली आदी देशांतून आलेल्या स्थलांतरितांची दाटी झाली होती. चाळवजा इमारतींतील अंधाऱ्या दोन खोल्यांत सात-आठ माणसे राहात, त्यातच भाडेकरूही ठेवीत. तेथील स्त्रियांना घरगुती शुश्रूषेचे धडे देण्याचे काम वॉल्ड यांनी पत्करले होते. मार्च १८९३ मध्ये एके दिवशी वर्ग सुरू असतानाच एक लहान मुलगी आपल्या आजारी आईसाठी त्यांना बोलवावयास आली. पावसाने चिखल झालेल्या गल्ल्या ओलांडून वॉल्ड तिच्या घरी पोहोचल्या, तेव्हा बाळंतीण रक्ताने भिजलेल्या अंथरुणावर दोन दिवस तशीच पडून होती. या प्रसंगाने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. वैद्यकीय शिक्षण सोडून, मेरी ब्रूस्टर या सहकारी परिचारिकेसह त्या त्याच वस्तीत राहावयास गेल्या. १८९५ मध्ये बँकर जेकब शिफ यांच्या साहाय्याने त्यांना हेन्री स्ट्रीटवर घर मिळाले. हेन्री स्ट्रीट सेटलमेंट ही संस्था तेथेच वाढली. घरोघरी जाऊन सेवा करणाऱ्या परिचारिकेसाठी सार्वजनिक आरोग्य परिचारिका ही संज्ञाही वॉल्ड यांनीच रूढ केली.

वस्तीत फिरताना एका गोष्टीने त्या अस्वस्थ होत. गोवर, घटसर्प, डांग्या खोकला आणि स्कार्लेट फिव्हर या आजारांनी मुले पटापट दगावत असताना लागण झालेली मुले वर्गात इतरांच्या मांडीला मांडी लावून बसत. दुसऱ्या बाजूला, क्षुल्लक त्वचारोगापायी काही मुले शाळेला कायमची मुकत. बारा वर्षांच्या एका मुलाला अक्षरओळखही नव्हती. डोक्यावर इसब असल्याने शाळेत गेला की शिक्षक त्याला परत पाठवीत. त्याची आई दवाखान्यातून मलम नेमाने आणीत होती, पण ते कसे लावावे हे तिला कोणी नीट समजावून सांगितलेच नव्हते. वॉल्ड यांनी ते काम अंगावर घेतले, मुलगा बरा झाला आणि सप्टेंबरमध्ये आयुष्यात प्रथमच त्याला शाळेत प्रवेश मिळाला. औषध घरात असूनही बारा वर्षे वाया गेली होती.

न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्याने १८९७ मध्ये शाळांसाठी वैद्यकीय निरीक्षक नेमले होते. संसर्ग असलेली मुले हुडकून त्यांना घरी पाठविणे, एवढेच त्यांचे काम. १९०२ मध्ये ही तपासणी अधिक कडक झाली. खुपऱ्या, खरूज, गजकर्ण आणि उवा आढळलेली मुले एकामागून एक वर्गाबाहेर काढली जाऊ लागली. रोग हुडकण्याचे काम चोख होत होते; परंतु तो बरा करण्याची जबाबदारी कोणाकडेच नव्हती. निरीक्षकाने दिलेली चिठ्ठी घेऊन मूल घरी जाई. ज्यांना इंग्रजी वाचता येत नसे, अशा आईवडिलांना तिचा अर्थ लागत नसे. मूल मग रस्त्यावर हुंदडे आणि शाळा सुटली की त्याच वर्गमित्रांशी खेळे. अनेक घरांत पोटासाठी कपडे शिवण्याचे काम चाले. आजारी मूल त्याच कपड्यांच्या ढिगाजवळ निजे आणि ते कपडे शहरभर विकले जात. म्हणजे शिक्षण तर बुडतच होते, पण संसर्गही थांबत नव्हता.

वॉल्ड यांनी महापालिकेपुढे प्रस्ताव ठेवला. आपल्या संस्थेतील एक परिचारिका महिनाभर शाळांना देण्याची त्यांची तयारी होती. प्रयोग यशस्वी झाला तर हे काम सरकारी खर्चाने चालविण्यासाठी अधिकाऱ्यांनी प्रयत्न करावा, एवढीच त्यांची अट होती. शाळांत परिचारिका पाठविण्याचा उपक्रम लंडनमध्ये आधीच झाला होता. मात्र ती जबाबदारी महापालिकेने उचलावी, असा वॉल्ड यांचा आग्रह होता. ऑक्टोबर १९०२ मध्ये लिना रॉजर्स या परिचारिकेची चार शाळांसाठी नेमणूक झाली. या शाळांत मिळून सुमारे दहा हजार मुले होती.

रॉजर्स यांच्या कामाची पद्धत सुटसुटीत होती. किरकोळ त्वचारोग, जखमा, उवा यांवर शाळेतच उपचार करून मुलाला वर्गात परत बसविले जाई. लागण पसरविणाऱ्या गंभीर आजाराच्या मुलांना मात्र घरी पाठविले जाई आणि शाळा सुटल्यावर परिचारिका त्यांच्या घरी जाई. औषध कसे लावावे, मुलाला भावंडांपासून वेगळे कसे ठेवावे, दवाखान्यात केव्हा न्यावे, हे ती आईला प्रत्यक्ष करून दाखवी. महिन्याभरातच फरक दिसू लागला. महापालिकेने आणखी बारा परिचारिका नेमल्या. आजारामुळे शाळेबाहेर काढलेल्या मुलांची संख्या सप्टेंबर १९०२ मध्ये १०,५६७ होती. सप्टेंबर १९०३ मध्ये ती १,१०१ वर आली. तपासणी सैल झाली नव्हती. केवळ तिला उपचाराची जोड मिळाली होती.

वॉल्ड यांचे कार्य येथेच थांबले नाही. १९०९ मध्ये एका मोठ्या विमा कंपनीने आपल्या विमेदारांच्या घरी परिचारिका पाठविण्याची योजना त्यांच्याच सूचनेवरून सुरू केली. बालकांसाठी केंद्र सरकारचा स्वतंत्र विभाग असावा, ही त्यांची व फ्लॉरेन्स केली यांची कल्पना १९१२ मध्ये प्रत्यक्षात आली. पहिल्या महायुद्धाला त्यांनी उघड विरोध केला आणि त्यापायी काही देणगीदारही गमावले.

१९१८ मध्ये इन्फ्लुएंझाच्या साथीने या पद्धतीची कसोटी पाहिली. अमेरिकेतील बहुतेक शहरांनी शाळा बंद केल्या. न्यूयॉर्कचे आरोग्य आयुक्त रॉयल कोपलँड यांनी मात्र त्या सुरू ठेवल्या. कोंदट खोल्यांत आणि रस्त्यांवर राहण्यापेक्षा मुले शाळेत परिचारिका व डॉक्टरांच्या नजरेखाली अधिक सुरक्षित राहतील, असा त्यांचा हिशेब होता. रोज सकाळी मुलांची तपासणी होई, आजारी मूल घरी पाठविले जाई आणि त्या घरात त्याची देखभाल होऊ शकते की नाही, हेही पाहिले जाई. या निर्णयाच्या परिणामांविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु शाळांमध्ये परिचारिकांची व्यवस्था नसती, तर तो घेणेही अवघड झाले असते. त्याच साथीत शहरातील परिचारिकांच्या आपत्कालीन समितीचे नेतृत्व वॉल्ड यांच्याकडे होते.

प्रकृती खालावल्याने १९३३ मध्ये त्यांनी संस्थेची धुरा सोडली. १ सप्टेंबर १९४० रोजी कनेक्टिकट राज्यातील वेस्टपोर्ट येथे त्यांचे निधन झाले. हेन्री स्ट्रीट सेटलमेंटचे काम आजही सुरू आहे.

२००९ मध्ये स्वाइन फ्लूच्या साथीत पुणे-मुंबईतील शाळा काही दिवस बंद राहिल्या, तर २०२० मध्ये करोनामुळे देशभरातील शाळांना दीर्घकाळ टाळे लागले. दोन्ही वेळी वॉल्ड यांचा प्रश्न नव्याने समोर आला. एरवीही तो सुटलेला नाही. आईवडील दोघेही कामावर जाणाऱ्या घरात तापलेल्या मुलाजवळ कोण थांबणार? रोजंदारीवरील आईने दिवसाची मजुरी बुडवायची की मुलाला गोळी देऊन शाळेत धाडायचे? आजारी मुलाला घरी ठेवा, हे सांगणे आवश्यकच आहे. परंतु ते पाळणे कुटुंबाला शक्य व्हावे, यासाठी शाळेने आणि समाजानेही काही करावे लागते, हे वॉल्ड यांनी चार शाळा आणि एका परिचारिकेच्या बळावर सिद्ध केले होते.