कर्मवीर भाऊराव पाटील

मला आवडणारे थोर पुरुष म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज गावी झाला. ते स्वतः मॅट्रिक झाले नव्हते. तरी १९१९ साली काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तेथे सगळ्या जातींची गरीब मुले एकत्र राहायची. ती शेतात राबायची, भाकऱ्या थापायची अन् शिकायची. यालाच कमवा व शिका म्हणतात. मुलांच्या जेवणासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. ९ मे १९५९ रोजी भाऊराव वारले.

मी गणितात कच्चा आहे. चाचणीत मला १० पैकी २ गुण पडले. पण बाजारात आईसंगं मेथी विकताना माझा हिशोब चुकत नाही. भाऊरावांनी मला वसतिगृहात नक्की घेतले असते.