श्रीसंत गोरोबाकाका आणि परसातील आवा

श्रीसंत गोरोबाकाकांचे नाव आमच्या ज्ञातीतील मुलांच्या कानी ती बोलू लागण्यापूर्वीच पडते. त्यांचे चरित्र अनेकांनी लिहिले. परंतु लिहिणारांपैकी फार थोड्यांनी स्वतः आवा रचला असावा, असे आम्हास नेहमी वाटत आले. वरूड येथे आमच्या आजोबांच्या परसात आवा होता व त्याच्या राखेत आमचे बालपण गेले. एवढ्याच अधिकारावर हे लिहीत आहोत.

परंपरेनुसार गोरोबांचा जन्म इ. स. १२६७ मधील. गाव तेर, हल्लीच्या धाराशिव जिल्ह्यात तेरणेच्या काठी वसलेले. प्राचीन तगर नगर ते हेच. तेथील उत्खननात सातवाहनकालीन भाजक्या मातीच्या मूर्ती निघाल्या आहेत. म्हणजे गोरोबांच्या हजार वर्षे आधीपासून त्या भूमीत माती भाजली जात होती.

मूल तुडविले गेल्याची कथा सर्वांस विदित आहे. पत्नी संती पाण्यास गेली, गोरोबा नामात दंग होऊन चिखल तुडवीत होते, रांगते बाळ त्यात आले आणि त्यांना भान राहिले नाही. पुढे संतीस स्पर्श न करण्याची शपथ, धाकट्या रामीशी विवाह, हात तोडणे व पंढरीस नामदेवांच्या कीर्तनात हात आणि बाळ परत मिळणे, असा कथाभाग परंपरा सांगते. कीर्तनकार गोरोबांच्या तल्लीनतेवर बोलतात. आम्हास मात्र घागर घेऊन दारात थबकलेली संती आधी दिसते. तिचा राग अज्ञानाचा होता, असे आम्ही कधीही मानले नाही. आमच्या आजीने चिखल तुडवीत असता एकाही नातवंडास परसात पाऊल टाकू दिले नाही, ते ह्याच कथेमुळे.

आता आव्याविषयी. मडकी प्रथम सावलीत व मग उन्हात वाळवीत. परसात उथळ खळगा करून गोवऱ्यांचा थर देत, त्यावर मडकी पालथी रचीत, मोठी खाली, लहान वर, आणि फटींतून कपाशीच्या पऱ्हाट्या खुपशीत. वरून तणस, फुटकी खापरे व राख यांचे पांघरूण घालीत. विस्तव वाऱ्याच्या बाजूने लावीत व प्रारंभी मंद ठेवीत. सुमारे ६०० अंश सेल्सिअस उष्णतेत मातीचे अंतरंग बदलते व ती पुन्हा पाण्यात विरघळत नाही. हवा खेळली तर मडके लाल, कोंडली तर काळे. आवा निवण्यापूर्वी उकरला तर गार वारा लागून तडे जातात.

बारा वर्षांचे असताना आम्ही एकदा आजोबांस न विचारता ओलसर मडकी आव्यात मध्यभागी रचली. दिसण्यात ती कोरडीच होती! रात्री आतल्या आत फटाक्यांसारखे आवाज झाले व शेजारची चांगली मडकीही गेली. आजोबा रागावले नाहीत. त्यांनी उरलेले प्रत्येक मडके आम्हास वाजवून पाहावयास लावले. पक्के खणखणते, तडकलेले भद्द बोलते.

तेरच्या प्रसंगाचा अर्थ आम्हास त्या दिवशी कळला. गोरोबांच्या घरी ज्ञानेश्वरादी संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंनी थापटणे पाहून त्याचा उपयोग विचारला आणि ह्या मंडळींत कच्चे कोण, तेही पाहावयास सांगितले. गोरोबांनी एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारले. सर्व शांत बसले. नामदेव तेवढे रागावले व कच्चे ठरले. नामदेव म्हणजे विठ्ठलाचे लाडके, कीर्तनात अग्रणी. त्यांस कच्चे म्हणण्यास धैर्य लागले असेल. परंतु कुंभार मडक्याच्या रंगावर जात नाही. शिवाय थापटणे ओल्या भांड्यास आकार देण्याचे साधन आहे, फोडण्याचे नव्हे. हा भेद आम्ही वर्गात मुलांना आवर्जून सांगत असू. दुखावलेले नामदेव पंढरीस परतले, पुढे विसोबा खेचरांकडे गेले व त्यांस गुरू केले.

शके १२३९ च्या चैत्र वद्य त्रयोदशीस, इ. स. १३१७ मध्ये, गोरोबा तेर येथे समाधिस्थ झाले. आजोबांचा आवा मोडून बरीच वर्षे झाली. थापटणे आमच्या देवघरात आहे. त्याची मूठ घासून गुळगुळीत झाली आहे.