कथाचित्रकार एन. सी. वायथ

आंधळा प्यू सरायीपुढच्या रस्त्यावर एकटा उभा आहे. साथीदार त्याला टाकून पळाले आहेत आणि चांदण्यात तो हातातल्या काठीने वाट चाचपतो आहे. स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’मधले हे चित्र एकदा पाहिले की दुसरा प्यू डोळ्यांपुढे येतच नाही. त्याचा चित्रकार नेवेल कॉन्व्हर्स वायथ.

वायथचा जन्म १८८२ सालचा, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या नीडहॅम गावचा. १९०२ मध्ये तो विल्मिंग्टनला हॉवर्ड पाइल यांच्या चित्रशाळेत दाखल झाला. पाइल शिकवण्याची फी घेत नसत. प्रसंग बाहेरून न्याहाळू नका, त्यात शिरा, ही त्यांची शिकवण. काही महिन्यांतच, फेब्रुवारी १९०३ मध्ये, ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’च्या मुखपृष्ठावर वायथचा उधळलेला घोडा आणि त्यावरचा स्वार झळकला. गंमत अशी की, पश्चिमेकडचा तो मुलूख त्याने तोवर पाहिलाच नव्हता! १९०४ मध्ये तो कोलोरॅडोला गेला, गुराख्यांबरोबर राबला. पुढे पैसे चोरीला गेले, तेव्हा घोड्यावरून टपाल पोहोचवण्याचे कामही त्याने केले.

१९११ मध्ये स्क्रिब्नर्स या प्रकाशनसंस्थेसाठी त्याने ‘ट्रेझर आयलंड’ची चित्रे केली. पुस्तकाच्या पानावर तळहाताएवढी दिसणारी ही चित्रे मुळात जवळजवळ चार फूट उंचीचे, तैलरंगातले कॅनव्हास आहेत. लाकडी ठशांचा जमाना मागे पडून रंगीत छपाई नुकती स्थिरावत होती. मोठे चित्र लहान होऊन छापताना बारीकसारीक तपशील हरवतो. टिकतात ते उजेड-सावलीचे ठोकळ आकार. वायथने एका बाजूने झगझगीत प्रकाश आणि बाकी गडद छाया अशी रचना केली, ती छपाईतही टिकली. घर सोडून निघालेल्या जिमच्या चित्रात मागे आई तोंड झाकून रडते आहे. ते घर वायथने नीडहॅमच्या आपल्याच घरावरून रंगवले. मला या मालिकेतले हेच चित्र सर्वांत मोठे वाटते. त्यात ना चाचे आहेत, ना तलवारी.

या कामाच्या पैशांतून पेनसिल्व्हेनियात चॅड्स फोर्ड येथे अठरा एकर जमीन, घर आणि स्टुडिओ उभा राहिला. ‘किडनॅप्ड’, ‘रॉबिन हूड’, ‘रॉबिन्सन क्रूसो’ अशी पुस्तके येत गेली. जाहिरातीही आल्या. मात्र कथाचित्र म्हणजे दुय्यम काम, खरी चित्रकला वेगळी, हा सल वायथच्या मनातून गेला नाही. ज्या कामाने जगभरची मुले वेडी झाली, त्याच कामाबद्दल त्याला संकोच वाटावा, हे मला फार बोचते. निसर्गदृश्ये, भित्तिचित्रे, टेंपेरा असे सारे त्याने करून पाहिले.

पाच मुलांपैकी धाकट्या अँड्र्यूला त्याने घरीच शिकवले. अँड्र्यूचे न्यूयॉर्कमधले पहिले प्रदर्शन १९३७ मध्ये मॅकबेथ गॅलरीत भरले आणि सगळी चित्रे विकली गेली. त्याच गॅलरीत बापाच्या स्वतंत्र चित्रांचे प्रदर्शन भरले ते १९३९ मध्ये, त्याच्या वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी. १९४१ मध्ये नॅशनल अकॅडमीनेही त्याला सभासद करून घेतले.

१९ ऑक्टोबर १९४५ रोजी घराजवळच्या रेल्वे फाटकावर त्याच्या मोटारीवर आगगाडी आदळली. वायथ आणि सोबतचा लहानगा नातू दोघेही गेले.

अँड्र्यूने बापाचे व्यक्तिचित्र कधी केलेच नव्हते. पुढच्या वर्षी त्याने ‘विंटर, १९४६’ रंगवले : उतारावरून धावत सुटलेला एक मुलगा. त्या टेकडीच्या पलीकडेच ते फाटक होते.