धागा तुटताच थांबणारा माग : साकिची टोयोडा

गणपती ही विद्येची देवता. आपल्या उत्सवाच्या आगेमागेच, १७ सप्टेंबरला, इथल्या कारखान्यांतून विश्वकर्मा पूजा होते. आम्हा वर्कशॉपवाल्यांना त्यामुळे दोन्ही मांडवांतला प्रसाद मिळतो. यंदा स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असा मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा ज्याच्या हातातच विद्या होती अशा एका जपानी सुताराची ओळख करून द्यावी असे ठरवले. मी डिप्लोमावाला रेल्वे इंजिनीयर, लेखक नव्हे. तरी वाचकांनी सांभाळून घ्यावे.

टोयोटा गाडी सर्वांना ठाऊक आहे. पण त्या घराण्याचे मूळपुरुष साकिची टोयोडा यांनी मोटार कधीच बनवली नाही. त्यांनी माग बनवले.

त्यांचा जन्म १४ फेब्रुवारी १८६७ रोजी शिझुओका भागातील यामागुची या खेड्यात झाला. वडील सुतार, आई घरी हातमागावर कापड विणणारी. शिक्षण प्राथमिक शाळेपुरते. पुढे वडिलांच्या हाताखाली रंधा आणि पटाशी हीच शाळा. १८८५ साली जपानमध्ये पेटंटचा कायदा आला आणि नवे काही शोधून काढणाऱ्याला सरकार हक्क देते हे या अठरा वर्षांच्या मुलाच्या मनाने घेतले. आईचे मागावरचे कष्ट डोळ्यांसमोर होतेच. १८९० साली तोक्योच्या औद्योगिक प्रदर्शनात ते रोज जाऊन यंत्रांसमोर उभे राहत. त्याच वर्षी त्यांचा लाकडी हातमाग तयार झाला आणि १८९१ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. हा माग एका हाताने चालवता येई. कापड जवळजवळ दीडपट निघे आणि वीणही एकसारखी येई.

या ध्यासाची किंमत घराने मोजली. मुलाने सरळ सुतारकी करावी ही वडिलांची इच्छा होती आणि गावाच्या लेखी ते विक्षिप्तच होते. १८९४ मध्ये मुलगा किइचिरो जन्मला आणि त्यानंतर पहिली पत्नी संसार सोडून माहेरी गेली. मोठ्या माणसांच्या चरित्रात असा मजकूर आपण भरभर वाचून पुढे जातो. तसे जाऊ नये असे मला वाटते.

१८९६ मध्ये त्यांनी लाकूड व लोखंड वापरून जपानमधला पहिला यंत्रमाग तयार केला. त्यात एक साधी वाटणारी सोय होती. ज्यांचे नातेवाईक सोलापूर-इचलकरंजीकडे आहेत त्यांना ताणा-बाणा सांगायला नको. उभ्या ताण्यातून धोटा आडवा बाणा घेऊन पळतो. बाणा तुटला किंवा कांडी संपली, तरी साधा यंत्रमाग आपला खडखडत राहतो आणि कापडात खोट उतरते. म्हणून प्रत्येक मागापाशी डोळ्यांत तेल घालून माणूस उभा हवा. साकिचींच्या मागात बाणा तुटला की माग आपोआप थांबे. त्यावर विणलेले कापड इतके एकसारखे निघाले की मित्सुई या बड्या व्यापारी पेढीचे लक्ष तिकडे गेले.

रेल्वेवाल्यांना ही कल्पना ओळखीची वाटेल. आपल्या गाडीच्या ब्रेक पाइपमध्ये हवेचा दाब असतो. कपलिंग तुटून गाडीचे दोन भाग झाले, तर पाइप सुटून दाब जातो आणि दोन्ही भागांना ब्रेक लागतात. कोणी पाहत असो वा नसो. बिघाड झाला की यंत्राने स्वतःहून सुरक्षित बाजूला यावे, हे दोन्हीकडचे तत्त्व एकच.

पुढचा रस्ता सरळ नव्हता. १९०७ साली भांडवलदारांच्या पैशावर मागांची कंपनी निघाली, पण मंदी आली आणि १९१० मध्ये साकिचींना स्वतःच्या नावाच्या कंपनीतून राजीनामा द्यावा लागला. त्यांनी अमेरिका आणि युरोपचा दौरा केला, तिथले माग पाहिले, अमेरिकेतल्या मोटारीही पाहिल्या. १९११ मध्ये परतून त्यांनी नागोयात स्वतःची गिरणी काढली. नवा माग विकण्याआधी तो रोजच्या कामात चालवून पारखावा, असा त्यांचा कटाक्ष होता. बाजारातले सूत कच्चे निघते हे दिसल्यावर १९१४ मध्ये त्यांनी सूतकताईही सुरू केली. माल खराब असेल तर यंत्राला दोष देऊन काय उपयोग?

१९२४ मध्ये, इंजिनीयर झालेल्या किइचिरोंच्या साथीने, त्यांचा जी-टाइप स्वयंचलित माग पूर्ण झाला. यात पूर्ण वेगात असतानाच रिकामा धोटा जाऊन भरलेला येई, आणि धागा तुटल्यावर माग थांबे. एक कामगार तीस-तीस माग सांभाळू लागला. १९२९ मध्ये इंग्लंडच्या ओल्डहॅममधील प्लॅट ब्रदर्स या नामांकित कंपनीने त्याचे हक्क एक लाख पौंडांना घेण्याचा करार केला. जिथली यंत्रे आपल्या गिरण्यांतून येत, त्यांनीच जपानी सुताराचा माग मान्य केला! ३० ऑक्टोबर १९३० रोजी साकिची वारले. १९३३ मध्ये किइचिरोंनी माग कंपनीतच मोटार विभाग काढला आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटर कंपनी उभी राहिली.

मागाचे हे तत्त्व मोटारींतही गेले. जपानीत त्याला जिदोका म्हणतात. हा शब्द लिहिताना ते नेहमीच्या स्वयंचलनाच्या अक्षरात माणसाचे चिन्ह जोडतात, म्हणजे माणसाची समज असलेले यंत्र. ताईची ओनो हे १९३२ मध्ये टोयोडांच्या गिरणीत लागले आणि पुढे मोटार कारखान्यात त्यांनी ही पद्धत रुजवली. दोष दिसताच दोरी ओढून कामगार लाइन थांबवू शकतो. जणू साखळी ओढण्याचा अधिकारच! एका बिघाडाला पाच वेळा का विचारण्याची सवयही साकिचींपासून आली असे मानतात. समजा, वॅगनचे बेअरिंग तापले. का? ग्रीस गेले. का? सील फाटले. का? बसवताना ठोकले. का? योग्य हत्यार हाताशी नव्हते. का? ते कधी मागवलेच नव्हते. पहिल्या उत्तरावर थांबलो तर ग्रीस भरून गाडी सोडू आणि पुढच्या महिन्यात तेच बेअरिंग पुन्हा तापेल. ज्याने ठोकले त्याला मेमो देऊनही ते थांबणार नाही.

महिनाअखेरीला आउटटर्नचा आकडा गाठायचा असतो तेव्हा काम थांबवणारा माणूस सगळ्यांना शत्रू वाटतो, हे कारखान्यात काम केलेल्या कोणालाही सांगायला नको. मग दोष झाकला जातो, पुढच्या सेक्शनकडे सरकतो. आमच्या बाबतीत तर तो रुळावर जातो आणि त्या गाडीत आपलीच माणसे बसलेली असतात. थांबल्याने काम वाढते, घटत नाही, हे साकिचींनी तीस माग एका माणसाच्या हाती देऊन दाखवले.

त्यांच्यानंतर दोनच वर्षांनी, १८६९ साली, आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्कर जन्मले. एकाने माग घडवला, दुसऱ्याने नांगर. १९९७ मध्ये बंगळुरूजवळच्या बिदडी येथील मोटार कंपनीसाठी ही दोन नावे एकत्र आली, हा योग मराठी माणसाला सुखावणारा आहे.

आपल्या मंडळातले बरेच जण गिरणीत, शेडमध्ये, वर्कशॉपात हात काळे करणारे आहेत. धागा तुटला तर थांबण्याची बुद्धी आणि थांबणाऱ्याच्या पाठीशी उभे राहण्याचे बळ गजाननाने आपणा सर्वांना द्यावे.

गणपती बाप्पा मोरया!