रेव्ह. स्टीफन हिस्लॉप आणि गोंड लोकांची लग्नरीत

भामरागडाच्या रानात वराकडून वधूच्या घरी देज जाते, त्यास परके लोक मुलीची विक्री म्हणतात. असा निवाडा करण्यापूर्वी गोंडांचे म्हणणे ज्याने ऐकून घेतले, अशा एका पुरुषाचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवितो.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म इ. स. १८१७ साली स्कॉटलंडातील डन्स या गावी झाला. १८४५ साली ते मिशनरी होऊन नागपुरास आले व पुढील वर्षी त्यांनी तेथे शाळा घातली. नागपुराजवळ टाकळी येथे खडकांत दगड झालेले शिंपले सापडत. ते वेचून त्यांनी त्यांची वर्णने लिहिली. रानातील माणसांविषयीही त्यांची जिज्ञासा तितकीच होती. गोंडांच्या साडेबारा जाती त्यांनी नोंदविल्या. त्यांत माडियांचे नाव आहे. एका परधानाच्या तोंडचे लिंगोचे दीर्घ गोंडी गीत त्यांनी टिपून ठेविले. लिंगोने लग्नाचे विधी कसे घालून दिले, हे त्याच्या एका भागात सांगितले आहे.

ता. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटाकडील प्राचीन शिळावर्तुळे पाहून घोड्यावरून परतताना ते पुराच्या ओढ्यात बुडून मरण पावले. वय अवघे ४५ वर्षांचे होते. त्यांचे अपुरे कागद सर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापविले, म्हणून ते गीत वाचले. नागपुरात १८८३ साली निघालेल्या कॉलेजास त्यांचेच नाव आहे.

आता देजाविषयी. मुलगी सासरी गेली म्हणजे बापाच्या घरचे दोन राबते हात जातात. देज ही त्याची भरपाई होय. ज्यास ते देववत नाही, तो गोंड वर सासऱ्याच्या घरी काही वर्षे राबतो. याकोब राहेलीसाठी असाच राबला, हे वाचकांस ठाऊकच आहे. दूर पॅसिफिक महासागरातील मलाइता बेटावर शिंपल्यांचे मणी घासून माळा ओवितात व त्या वधूच्या घरी देतात. आपल्या देशातही कवडी एके काळी नाणे होती. आज आपण कवडीमोल म्हणतो खरे. पण शेजारच्या बस्तरात लग्नाच्या नाचात गव्याच्या शिंगांच्या शिरोभूषणास कवड्यांच्याच माळा लोंबतात.

देजापायी कोणी सावकाराच्या कर्जात बुडत असेल, तर त्यास अवश्य आवरावे. परंतु रीतीस नावे ठेवण्यापूर्वी गावच्या वडीलधाऱ्यांजवळ बसून तिचा अर्थ विचारावा. हिस्लॉप साहेबांनी हेच केले.