मम्मा मार्गारिता : एका शेतकरणीचें पुण्यस्मरण

धर्मग्रामाचा ज्युबिली महोत्सव आला म्हणजे जुन्या नोंदवह्या उघडल्या जातात. पायाचा दगड कोणत्या धर्मगुरूंनीं बसविला, घंटा कोणीं अर्पण केली, शाळा कोणाच्या कारकीर्दींत निघाली, हें सर्व आदरानें लिहिलें जातें आणि तें योग्यच आहे. परंतु ज्या माउल्यांनीं चुलीपुढें बसून लेकरांच्या कपाळावर पहिल्यानें क्रुसाची खूण केली आणि शेतांतून थकून आल्यावरहि सायंकाळची रोझरी चुकूं दिली नाहीं, त्यांचीं नांवें कोणत्याहि शिळेवर कोरलेलीं आढळत नाहींत. ख्रिस्तसभेचा भार त्यांच्याहि खांद्यांवर आहे. म्हणून या स्मरणिकेंत आम्ही अशाच एका शेतकरणीचें चरित्र वाचकांपुढें ठेवीत आहों. ती दूरच्या इटली देशांतली. तिला लिहितां-वाचतां येत नव्हतें. तरी संत डॉन बॉस्को यांची माता म्हणून तिचें नांव आज देशोदेशीं घेतलें जातें.

मार्गारिता ओक्किएना हिचा जन्म १ एप्रिल १७८८ रोजीं उत्तर इटलींतील पीडमाँट प्रांतांत, काप्रील्यो नांवाच्या खेड्यांत झाला. आईबाप शेतकरी होते आणि घरांत दहा भावंडें. जन्मल्या दिवशींच तिचा बाप्तिस्मा झाला. शाळेचें तोंड तिनें पाहिलें नाहीं. प्रार्थना, देवाच्या आज्ञा आणि धर्मशिक्षणाचे पाठ तिनें ऐकून मुखोद्गत केले. तिच्या बालपणीं तो मुलूख लढायांनीं गांजलेला होता. एकदां अंगणांत मका वाळत पडला असतां सैनिकांचे घोडे येऊन तो खाऊं लागले. सैनिक हंसत उभे राहिले. मार्गारितानें गवत उचलण्याचा कांटा हातीं घेतला आणि घोड्यांना पिटाळून लावलें. कष्टाचें धान्य वायां जातांना उगी बसणारी ती नव्हती, आणि हा तिचा स्वभाव अखेरपर्यंत राहिला.

६ जून १८१२ रोजीं तिचा विवाह फ्रान्सिस बॉस्को या बिजवर शेतकऱ्याशीं झाला. पहिल्या पत्नीपासून त्याला अँटनी नांवाचा मुलगा होता, आणि म्हातारी सासूहि घरांतच होती. मार्गारितानें सासूची सेवा पोटच्या मुलीसारखी केली व अँटनीला आपला मानिलें. १८१३ सालीं जोसेफ आणि १६ ऑगस्ट १८१५ रोजीं जॉन असे तिला दोन पुत्र झाले. संसाराची घडी बसते न बसते तोंच मे १८१७ मध्यें फ्रान्सिस घामाघूम होऊन शेतावरून आला, तसाच थंडगार तळघरांत उतरला, आणि तापानें थोड्याच दिवसांत मरण पावला. मार्गारिता त्या वेळीं एकोणतीस वर्षांची होती. पदरीं तीन मुलें, सासू, आणि थोडीशी जमीन.

त्याच सुमारास त्या मुलुखांत दुष्काळ पडला. कडाक्याच्या हिमानें आणि अवर्षणानें पीक बुडालें. तिनें शेजाऱ्याजवळ पैसे देऊन बाजारोबाजार पाठविलें. तो रिकाम्या हातानें परतला. तेव्हां ती घरच्या माणसांसह गुडघे टेकून बसली. प्रार्थना संपवून उठली ती गोठ्यांत गेली, आणि शेजाऱ्याच्या मदतीनें वासरूं मारून तिनें त्या रात्रीं सर्वांस जेवूं घातलें. गोठ्यांतलें वासरूं म्हणजे उद्यांची आशा, हें शेतकऱ्यास सांगावयास नको. परंतु लेकरें आज जगलीं तर उद्यां आहे, हें तिनें ओळखिलें. देवापुढें हात जोडल्यावर आपले हात कामाला लावणें, हीच तिच्या भक्तीची रीत होती.

पुढें तिला पुनर्विवाहासाठीं एक चांगलें स्थळ आलें. अट एवढीच कीं, मुलें एका भल्या पालकाच्या स्वाधीन करावीं. तिनें तें साफ नाकारिलें. पालक कितीहि चांगला असला तरी तो मित्र. आई ती आईच, असें तिचें म्हणणें होतें.

मुलांना वाढवितांना तिनें धर्म आणि काम यांची कधीं फारकत केली नाहीं. रात्रीं तारे दाखवून ती त्यांच्या कर्त्याची आठवण देई. सुगीच्या वेळीं आभार मानावयास शिकवी. गारांनीं पीक झोडपलें तर देणाऱ्यानेंच नेलें असें समजावी. घराच्या कोपऱ्यांत एक छडी असे, पण तिचा उपयोग क्वचितच होई. एकदां जॉनच्या हातून तेलाचें भांडें फुटलें. आई बाजाराहून परत येण्यापूर्वीं त्यानें एक काठी तासून तयार ठेविली आणि आपणच ती तिच्या हातीं दिली. मुलानें अपराध कबूल केला हें पाहून आईचा राग निवळला. पहिल्या पापनिवेदनाला तिनें त्याला स्वतः देवळांत नेलें, आधीं आपण पापनिवेदन केलें, आणि मग त्याला धर्मगुरूंपुढें पाठविलें. त्याच्या पहिल्या कम्युनियनची तयारीहि तिनेंच करून घेतली. दारीं आलेला भिकारी अथवा वाटसरू तिच्या घरून उपाशी गेला नाहीं.

तिची खरी परीक्षा मात्र घरांतच होती. जॉनच्या मनांत धर्मगुरु होण्याची ओढ होती व त्यासाठीं त्याला शिकावयाचें होतें. अँटनीला हें रुचेना. लहानपणापासून त्यानें शेताचा भार वाहिला होता. पुस्तक घेऊन बसणारा भाऊ त्याला आळशी वाटे. रोज कटकट होऊं लागली. सावत्र मुलावर सक्ति करावी तर घर फुटेल. पोटच्या मुलाला अडवावें तर देवाची हांक मोडल्यासारखें होईल. अखेर १८२८ च्या फेब्रुवारींत तिनें बारा वर्षांच्या जॉनला कपड्यांचें गांठोडें देऊन दुसऱ्याच्या शेतावर गडी म्हणून राहावयास पाठविलें. तेथें त्यानें दीड वर्षाहून अधिक काळ गुरें राखिलीं. तो दिवस तिला कसा गेला असेल, तें आयांनीं ओळखावें. पुढें वांटण्या झाल्या, अँटनी लग्न करून वेगळा राहूं लागला, आणि जॉनची शाळेची वाट मोकळी झाली. कोणाचाहि द्वेष न वाढवितां तिनें हा प्रश्न सोडविला.

१८३४ सालीं जॉन फ्रान्सिस्कन संघांत जाण्याचा विचार करूं लागला. गांवच्या धर्मगुरूंनीं मार्गारिताला सांगितलें कीं, मुलगा धर्मग्रामाचा धर्मगुरु झाला तर म्हातारपणीं तुला आधार होईल. त्याचें मन वळीव. ती चालत शहरांत मुलाकडे गेली आणि उलटच बोलली. माझी चिंता करूं नकोस, आपल्या आत्म्याचें हित पाहा. मी गरिबींत जन्मलें, गरिबींतच मरेन. तूं धर्मगुरु होऊन श्रीमंत झालास तर तुझ्या दारांत पाऊल ठेवणार नाहीं, असें तिनें त्याला बजाविलें. पुढच्या वर्षीं त्यानें काळा झगा परिधान केला, तेव्हां झगा माणसाला मोठेपणा देत नाहीं, सद्गुण देतात, असा तिचा उपदेश होता. ५ जून १८४१ रोजीं जॉनची धर्मगुरुदीक्षा झाली. त्या आठवड्यांत गांवीं मिस्सा झाल्यावर तिनें मुलाला सांगितलें कीं, मिस्सा अर्पण करूं लागणें म्हणजे दुःख सोसूं लागणें होय.

आतां तिच्या आयुष्याची सांज झाली होती. बेक्कीच्या वाडीवर जोसेफच्या घरीं ती सुखांत होती. अंगणांत नातवंडें खेळत होतीं. या माउलीनें तें सुख कष्टानें मिळविलें होतें. इकडे ट्यूरिन शहरांत डॉन बॉस्को रस्त्यांवरील पोरक्या मुलांसाठीं झिजत होते. १८४६ च्या जुलैंत ते मरणाच्या दारांतून परत आले व विश्रांतीसाठीं बेक्कीला राहिले. परत जाणें भाग होतें. परंतु वाल्दोक्को येथील त्यांच्या खोल्यांचा शेजार चांगला नव्हता आणि एकट्या तरुण धर्मगुरूनें तेथें राहणें शोभणारें नव्हतें. त्यांनीं आईला सोबत येण्याची विनंति केली. ती अठ्ठावन्न वर्षांची होती. नातवंडें, शेत, ओळखीचें देऊळ, सारें सोडावयाचें होतें. तिनें विचार केला, आणि ही देवाची इच्छा असेल तर येतें, एवढेंच उत्तर दिलें.

३ नोव्हेंबर १८४६ रोजीं मायलेक पायीं निघाले. सुमारें वीस मैलांची वाट. मुलाच्या हातीं प्रार्थनेचें पुस्तक, आईच्या हातीं कपड्यांची टोपली. पोंचल्यावर खोल्यांत भिंतींखेरीज फारसें कांहीं नव्हतें. तिनें जपून ठेविलेलीं लग्नाचीं वस्त्रें काढलीं. कांहींचीं वेदीसाठीं वस्त्रें केलीं. लग्नाची अंगठी व गळ्यांतील साखळी यांचेहि पैसे झाले.

पहिल्यानें ज्या मुलांना रात्रीं आसरा दिला, तीं पांघरुणें घेऊन पळालीं. तरी मे १८४७ मध्यें एका पावसाळी रात्रीं भिजलेला, भुकेलेला एक पोरका मुलगा दारीं आला, तेव्हां मार्गारितानें त्याला शेकावयास बसविलें, जेवूं घातलें, आणि स्वैंपाकघरांत विटांवर फळ्या मांडून बिछाना केला. झोंपण्यापूर्वीं त्याला काम, प्रामाणिकपणा आणि धर्म यांविषयीं चार शब्द सांगून प्रार्थना करावयास लाविली. सलेशियन संस्थांतून रात्रीं मुलांना चार हिताच्या गोष्टी सांगण्याची जी प्रथा आहे, तिचें मूळ या प्रसंगांत सांगितलें जातें. एका निरक्षर आजीचे ते शब्द एका मोठ्या संघाची परंपरा होऊन बसले!

त्यानंतर मुलांची संख्या वाढतच गेली. मक्याच्या पिठाचा घाटा शिजवणें, भाजीपाला पिकवणें, कपडे धुणें, आणि रात्रीं दिव्यापाशीं बसून फाटक्या सदऱ्यांना ठिगळें लावणें, हा तिचा नित्यक्रम. मुलें तिला मम्मा म्हणत. इटालियन भाषेंत मम्मा म्हणजे आई. नव्या कपड्यासाठीं दिलेले पैसेहि ती घरखर्चांत घाली आणि जुनाच झगा वापरी.

परंतु तीहि माणूसच होती. एके दिवशीं मुलें लढाईचा खेळ खेळतां खेळतां तिच्या भाजीच्या वाफ्यांत शिरलीं आणि मोठ्या मेहनतीनें वाढविलेला मळा त्यांनीं तुडवून टाकिला. शेतकरणीला हा घाव किती खोल लागतो, तें आमच्या वाडीवाल्या वाचकांना ठाऊक आहे. तिनें मुलाला आपलें दुःख सांगितलें : धुतलेले कपडे मातींत जातात, भांडीं हरवतात, आतां भाजीहि गेली, मी थकलें आहें, मला बेक्कीला जाऊं दे, नातवंडांत उरलेले दिवस काढूं दे. मागणें अन्यायाचें नव्हतें. डॉन बॉस्कोंना उत्तर सुचेना. त्यांनीं मुकाट्यानें भिंतीवरील क्रुसाकडे बोट दाखविलें. तिनें वर पाहिलें, डोळे भरून आले, आणि ती पुन्हां कामाला लागली. परत जाण्याची गोष्ट तिनें पुढें काढली नाहीं.

१८५४ सालीं ट्यूरिनमध्यें पटकीची सांथ आली. डॉन बॉस्कोंचीं मोठीं मुलें रोग्यांच्या शुश्रूषेला गेलीं. मार्गारितानें चादरी, टॉवेल, टेबलावरील कापड, जें होतें तें रोग्यांसाठीं काढून दिलें. अखेरीस वेदीचीं वस्त्रेंहि परवानगी घेऊन दिलीं. त्याच वर्षीं संत डॉमिनिक साव्हियो तेथें आला. इतक्या मुलांत त्याचें निराळेपण या आजीच्या नजरेनें त्वरित हेरिलें व तिनें तें मुलाच्या कानीं घातलें.

नोव्हेंबर १८५६ मध्यें तिला फुफ्फुसाचा दाह झाला. बेक्कीहून जोसेफ आला. अखेरचे पवित्र संस्कार घेतल्यावर तिनें डॉन बॉस्कोंना खोलींतून जावयास सांगितलें. एकमेकांचें दुःख पाहून दोघांचें दुःख वाढतें, असें तिला वाटलें. २५ नोव्हेंबरच्या पहांटे, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीं, तिनें देह ठेविला. तिचा दफनविधि गरिबांसारखाच झाला. आज तिची कबर दाखवितां येत नाहीं.

सलेशियन संघाची स्थापना तिच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनीं, १८५९ सालीं झाली. ते धर्मगुरु १९०६ सालीं हिंदुस्थानांत आले. मुंबईस माटुंग्याची त्यांची शाळा व देवमातेचें मंदिर आपल्यापैकीं अनेकांच्या परिचयाचें आहे. १ एप्रिल १९३४ रोजीं डॉन बॉस्को संत म्हणून घोषित झाले, आणि तो दिवस त्यांच्या आईच्या जन्माचा होता. २००६ सालीं ख्रिस्तसभेनें मार्गारितालाहि पूज्य ही पदवी दिली.

वाचकहो, या माउलीनें देऊळ बांधिलें नाहीं, ग्रंथ लिहिला नाहीं. तिनें हक्काची विश्रांति देवाच्या हातीं दिली, आणि थकल्यावर क्रुसाकडे पाहून ती पुन्हां दिली. आपल्या धर्मग्रामांतहि अशा आज्या होऊन गेल्या आणि आजहि आहेत. ज्या गेल्या त्यांच्यासाठीं या ज्युबिलीच्या वर्षीं एक मिस्सा अर्पण करावी; ज्या आहेत त्यांच्याजवळ थोडा वेळ बसावें आणि त्यांच्या तोंडून प्रार्थना शिकून घ्याव्या. पूज्य मार्गारिताच्या मध्यस्थीनें आपल्या घरांतून सायंकाळची प्रार्थना कधींहि बंद न पडो, हीच प्रभुचरणीं आमची याचना.