न पाहिलेले अरण्य

फ्रान्स देशातील लाव्हाल या गावी २१ मे १८४४ रोजी आंरी रूसो याचा जन्म झाला. त्याचे वडील पत्र्याच्या वस्तू घडवीत. घरची स्थिती बेताची होती. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्याला कधीच लाभले नाही. १८७१ मध्ये तो पॅरिस शहराच्या जकात खात्यात नोकरीस लागला. दिवसभर नाक्यावर मालाची जकात वसूल करावी आणि उरल्या वेळात कुंचला हाती घ्यावा, असा त्याचा क्रम असे.

रूसोला घनदाट अरण्याची विलक्षण ओढ होती. परंतु फ्रान्सची सीमा त्याने जन्मात ओलांडली नाही. पॅरिसच्या वनस्पती-उद्यानात उष्ण प्रदेशांतील झाडे काचगृहांत जोपासलेली असत. तेथेच वन्य पशूही पाहावयास मिळत. रूसो तेथे जाऊन एकेक पान निरखून पाही. पुढे घरी बसून तो आपले अरण्य रंगवी. कुंडीत मावणारी रोपे त्याच्या चित्रांत वृक्षांएवढी होत. १८९१ मध्ये त्याने वादळातील वाघाचे चित्र रंगविले. वर वीज कडाडत आहे, झाडे वाऱ्याने वाकली आहेत आणि गवतात वाघ दबून उभा आहे.

प्रदर्शनात लोक त्याची चित्रे पाहून हसत. मुलाने काढावीत तशी ही चित्रे आहेत, असे त्यांना वाटे. मात्र फेलिक्स व्हालोतों या तरुण चित्रकाराने त्या वाघाची मनापासून प्रशंसा केली. उपहासाने रूसो खचला नाही. १८९३ मध्ये नोकरी सोडून त्याने चित्रकलेसच वाहून घेतले. तुटपुंज्या निवृत्तिवेतनास जोड म्हणून तो व्हायोलिन शिकवी. १९०८ मध्ये विख्यात चित्रकार पिकासो याने त्याच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. तथापि त्याचे दारिद्र्य संपले नाही. २ सप्टेंबर १९१० रोजी तो मरण पावला.

ज्या वाघाला लोक हसले, तो आज लंडनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयात मानाने विराजमान आहे. खरे अरण्य कसे असते, हे रूसोच्या चित्रांवरून कळणार नाही. परंतु अरण्याचे नाव काढताच मनुष्याच्या मनात जे भय आणि जे कुतूहल जागे होते, ते या जकात कारकुनाने अचूक रंगविले. डोळ्यांना जे दुर्लभ होते, ते त्याने चिकाटीने आणि कल्पनेच्या बळावर साध्य केले.